एकाच बायोप्सीवर एक लॅब 'ईविंग सार्कोमा' (हाडाचा एक कर्करोग) म्हणते, दुसरी 'प्रकार निश्चित नाही'. खरं कोणाचं?

पुतण्याच्या मांडीच्या हाडाच्या बायोप्सीबद्दल तुम्ही विचारलंय. दोन्ही अहवालांत खरा विरोध नाही. दुसरी लॅब जास्त सावध आहे, आणि माझ्या मते इथे तेच बरोबर आहे.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर ईविंग, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), स्मॉल सेल ऑस्टिओसार्कोमा (हाड बनवणारा) आणि मेसेंकायमल काँड्रोसार्कोमा (कूर्चा बनवणारा) या सगळ्यांत दाटीवाटीने बसलेल्या लहान, गोल, निळ्या पेशी दिसतात. कूर्चा किंवा नवं हाड त्या तुकड्यात आलंच नाही, तर ओळख पटवणार कशी? त्यात सीआयसी आणि बीसीओआर जनुकांत बदल असलेले सार्कोमा आहेतच. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या वर्गीकरणात ते ईविंगपासून वेगळे काढले आहेत.

पहिल्या अहवालात फक्त 'सीडी९९ पॉझिटिव्ह' एवढाच आधार आहे का, ते बघा. तो पुरेसा नाही. सीडी९९ हे पेशीतलं एक प्रथिन, विशेष रंग लावून ते शोधतात; पुढे येणारे सीडी४५, टीडीटी, एनकेएक्स२.२ वगैरेही अशीच प्रथिनं. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही सीडी९९ येतो आणि सीडी४५ कधीकधी येत नाही, म्हणून टीडीटीचा रंगही लावावाच लागतो. ईविंगमध्ये सीडी९९ जवळपास प्रत्येक पेशीच्या कडेला ठळक असतो, जोडीला एनकेएक्स२.२. सीआयसी प्रकारात तो तुटक येतो, पण ईटीव्ही४ आणि डब्ल्यूटी१ येतात. बीसीओआर प्रकारात एसएटीबी२ येतो, जो ऑस्टिओसार्कोमातही येतो. तिथे हमखास फसगत होते.

निकाल लागतो जनुक-चाचणीवर. फिश चाचणीत (जनुक तुटलंय का ते चमकत्या खुणांनी बघतात) ईविंगशी संबंधित ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक तुटलेलं दिसतं, पण ते कोणत्या जनुकाला जोडलं गेलं ते कळत नाही, आणि जोडीदार ईआरजी नावाचं जनुक असेल तर चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शंका उरली तर आरएनए सिक्वेन्सिंग (जोडली गेलेली दोन्ही जनुकं वाचणारी चाचणी) मागा.

मात्र हाड मऊ करायला तुकडा तीव्र आम्लात ठेवला असेल तर डीएनए-आरएनए खराब होतं आणि चाचणी 'फेल' येते. ईडीटीए या सौम्य रसायनात ठेवलेला किंवा आम्लात न घातलेला मऊ भाग वेगळा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) म्हणून आहे का, हे पहिल्या लॅबला विचारा.

फेरतपासणीला नुसत्या स्लाइड नेऊ नका. पॅराफिन ब्लॉक, एक्स-रे आणि एमआरआयही न्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी होते. घाई करून केमो सुरू करण्याआधी हे उरका, कारण लिम्फोमाची औषधं वेगळी असतात आणि त्यात हाड काढायची सहसा गरज पडत नाही.

ब्लॉक संपला असेल तर पुन्हा बायोप्सी करावी लागेल. ती पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच करा. सुईचा मार्ग नंतर गाठीसोबत कापून काढायचा असतो.