कालेबही त्याच वाटेने चालला

प्रश्न : माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिच्यासाठी नोकरी सोडली, लग्नाचा विषयही मागे पडला. याला आता 9 वर्षे झाली. परवा प्रवचनात ऐकले की, इस्राएल लोकांनी कुरकुर केली म्हणून 11 दिवसांच्या वाटेला त्यांना 40 वर्षे लागली. ज्याचे आयुष्य अडले आहे त्याने आधी आपले पाप शोधावे. मीही देवाजवळ पुष्कळदा तक्रार करते. माझे हे रान म्हणजे शिक्षा आहे का?
– एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी,

नाही. हे आधी सांगते, कारण उरलेले पत्र वाचताना तुमच्या मनावर ते ओझे असू नये.

त्या 11 दिवसांचा उल्लेख बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण ते अंतर होरेबपासून, म्हणजे सीनाय पर्वतापासून, कनानच्या वेशीजवळच्या कादेश-बर्ण्यापर्यंतचे; ज्या मिसरमधून (इजिप्तमधून) लोक निघाले तिथपासून देवाने देऊ केलेल्या कनान देशापर्यंतचे नव्हे. सीनायजवळ जवळजवळ वर्षभर मुक्काम करून लोक दुसऱ्या वर्षी निघाले आणि कादेशला पोहोचलेही. खोळंबा झाला तो तिथे. 12 हेर देश पाहून आले, त्यांतल्या 10 जणांनी लोकांचे काळीज पाण्यासारखे केले आणि लोक म्हणाले, मिसरला परत जाऊ. कनान हेरायला 40 दिवस लागले होते. दिवसाला एक वर्ष याप्रमाणे 40 वर्षे रानात फिरण्याचा आणि 20 वर्षांवरच्यांनी तिथेच मरण्याचा निवाडा झाला.

आता त्या गर्दीत कालेबला शोधा, त्या 12 हेरांपैकीच एक. यफुन्नेचा हा मुलगा तेव्हा 40 वर्षांचा होता. देश घेता येईल असे तो ठामपणे म्हणाला, दुसरा हेर यहोशवा त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि लोक दोघांना दगडमार करायला निघाले. निवाड्यातून या दोघांना वगळले होते, रानातून मात्र नाही. कादेश सोडल्यापासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत 38 वर्षे गेली आणि ती कालेबलाही चालावी लागली. त्याने कोणते पाप शोधायचे होते? 20 वर्षांखालच्या मुलांनी तरी कोणते? कनानमधले हेब्रोन आपला वाटा म्हणून मागायला तो, आता पुढारी झालेल्या यहोशवापुढे उभा राहिला तेव्हा 85 वर्षांचा होता. एकाच रानात कोणी शिक्षा भोगत होता, कोणी विश्वासाने चालत होता आणि कोणी नुसता लहानाचा मोठा होत होता. वाळूवरची पावले पाहून कोण कोणता, हे सांगता आले नसते. म्हणून दुसऱ्याच्या अडलेल्या आयुष्याकडे बोट दाखवून कारण सांगणे मला फार धोक्याचे वाटते.

आणि ज्यांच्यावर निवाडा झाला त्यांचाही मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, थांबला नाही. माणशी एक ओमर (त्या काळचे माप), रोज सकाळी, कनानच्या सीमेपर्यंत.

बायबल अभ्यासवर्गात ‘गणना’ या पुस्तकाचा 33वा अध्याय आला की लोक पाने उलटू लागतात. मी तो मोठ्याने वाचायला लावते. रिथमा, रिम्मोन-पेरेस, लिब्ना, रिस्सा... ओळीने मुक्कामांची नावे, आणि बहुतेक ठिकाणी काय घडले याची एक ओळही नाही. तंबू ठोकले, तंबू उखडले. चमत्कार नाही, बंड नाही. तरीही परमेश्वराच्या आज्ञेवरून त्यांचा पुढारी मोशे याने प्रत्येक मुक्काम लिहून ठेवला. आईला जेवू घालण्यात, तोच प्रश्न दहादा ऐकून उत्तर देण्यात जे दिवस जातात, तेही मला याच यादीतले वाटतात. कोणाला सांगण्याजोगे त्यात काही नसेल. देवाच्या वहीत ते नावानिशी आहेत.

राहिली तक्रार. लोक आपापल्या तंबूंत बसून परमेश्वराविरुद्ध बोलले, त्याने आपल्याला मारायलाच आणले असे म्हणाले. गणनेच्या 11व्या अध्यायात मोशेही बोलला, पण परमेश्वराच्या तोंडावर बोलला : या सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला सोसवत नाही, असेच वागवायचे असेल तर मला मारून टाक. याहून कडू प्रार्थना तुम्ही केली असेल असे मला वाटत नाही. परमेश्वराने त्याला रागावून गप्प केले नाही. लोकांतले 70 वडीलधारे निवडायला लावले आणि भार वाटून दिला.

तेव्हा तक्रार करत राहा, त्याच्याच जवळ. आणि मंडळीतही तोंड उघडा. पाळक भेटायला आले की ‘प्रार्थना करा’ एवढेच म्हणू नका. आठवड्यातल्या कोणत्या दुपारी आईजवळ कोणीतरी बसायला हवे, कोणत्या रात्री तुम्हाला अखंड झोप हवी, हे दिवस ठरवून सांगा. दोन नावे तिथल्या तिथे मागून घ्या.