लटकणारा ठोकळा 2 किलोचा, मग दोरीतला ताण 20 न्यूटन का नाही?

तुमचं गणित थोडक्यात असं: गुळगुळीत टेबलावर 3 किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी काठावरच्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला 2 किलोचा ठोकळा. गुरुत्वत्वरण 10 धरलं तर खालच्याचं वजन 20 न्यूटन. म्हणून तुम्ही ताणही 20 धरलात आणि वरच्या ठोकळ्याचं त्वरण 20 भागिले 3 काढलंत. पुस्तकात मात्र त्वरण 4 आणि ताण 12 आहे. मधले 8 न्यूटन गेले कुठे, हा तुमचा प्रश्न.

ते खालच्याच ठोकळ्यावर खर्च झाले. त्यालाही वेग घ्यायचा आहे ना! दोरीने त्याला वर 20 न्यूटनने धरलं असतं, तर खाली 20, वर 20, निव्वळ बल शून्य. सोडल्यावर तो जागचा हललाच नसता. तो खाली निघतोय, याचा अर्थ ताण 20 पेक्षा कमी आहे. हे एकही समीकरण न मांडता कळतं.

गोंधळ होतो तो वजन दोरीतून 'वाहत' पुढे जातं असं वाटल्यामुळे. मीही अकरावीत बराच काळ तसंच समजत होतो. पण पृथ्वी खालच्या ठोकळ्याला ओढते. टेबलावरच्याला त्या ओढीचा पत्ताही नसतो, त्याला फक्त दोरी कळते. म्हणून न्यूटनचा दुसरा नियम (निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण) प्रत्येक ठोकळ्याला वेगळा लावायचा आणि ताण आधी ठरवून न टाकता अज्ञात ठेवायचा:

टेबलावरचा: ताण = 3 × त्वरण
लटकणारा: 20 − ताण = 2 × त्वरण

दोरी ताणून लांब होत नाही, म्हणून दोन्हीकडे त्वरण तेवढंच. बेरीज केली की 20 = 5 × त्वरण; त्वरण 4 मीटर प्रति सेकंद वर्ग, ताण 12 न्यूटन. खालच्यावर उरले 8, आणि 2 × 4 म्हणजे तेही 8.

'सगळं मिळून 5 किलो' धरून थेट त्वरण काढायची युक्ती बरोबरच आहे, पण त्यात ताण दिसेनासा होतो. तो हवा असेल तर कुठल्यातरी एका ठोकळ्याकडे परत यावंच लागतं.

दोन्ही टोकांना ताण सारखाच का? दोरीलाही दुसरा नियम लागू आहे. तिच्या टेबलावरच्या आडव्या भागाचं वस्तुमान 10 ग्रॅम असेल, तर त्याच्या दोन टोकांच्या ताणात फरक 0.01 × 4, म्हणजे 0.04 न्यूटन. बारासमोर तो सोडून देता येतो. कप्पी जड असेल तर मात्र सोडता येत नाही: तिला फिरवायलाही बल लागतं आणि दोन्ही बाजूंचे ताण वेगळे निघतात.

टेबल खडबडीत करून घर्षणगुणांक (घर्षण वजनाच्या किती पट, तो आकडा) 0.2 घेतला, तर घर्षण 0.2 × 30 म्हणजे 6 न्यूटन, त्वरण 2.8 आणि ताण 14.4. घर्षणाने ताण वाढला! अनेकांना हे उलटं वाटतं, पण खालचा ठोकळा जितका सावकाश वेग घेईल, तितका ताण 20 च्या जवळ जाणार. वरचा ठोकळा 198 किलोचा घेतलात, तर घर्षण नसतानाही ताण 19.8 येतो.

तुमचे 20 न्यूटन मला एकाच क्षणी मान्य आहेत: वरचा ठोकळा हाताने धरून ठेवलेला असताना. दोरीत मध्ये एक हलका तानकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) बांधून पाहा. धरून ठेवलंत तोवर तो 20 दाखवेल. हात सोडलात की काटा थोडा थरथरेल आणि ठोकळे धावत असताना 12 च्या आसपास येईल.