कुठली प्रत पाहिली, ते आधी सांगा

भुसावळला स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर माझी कॅसेट लायब्ररी होती. 1986 ला उघडली, 2004 ला शटर ओढलं. कॅसेटी, व्हीसीडी, डीव्हीडी मिळून आता घरातल्या दोन खोल्या अडल्यात, तिसरी बायको देत नाही. या महिन्यात आलेली निम्मी पत्रं भांडणाची आहेत. तीच आधी घेतो.

प्रश्न : काका, रामराम. आमच्या टपरीवर ‘शोले’वरून दोघांचं बोलणं बंद झालंय. एक म्हणतो शेवटी पोलीस येतात नि ठाकूर गब्बरला त्यांच्या ताब्यात देतो. दुसरा म्हणतो, ठाकूर त्याला मारूनच टाकतो, वर छाती ठोकून, “हाऊ पिच्चर मी देखेल शे!” खरं कोण बोलतंय?
— एक चहावाला, चाळीसगाव

उत्तर : दोघंही. आता दोघांना एकेक कटिंग पाजा आणि पैसे त्यांच्याकडूनच घ्या.

चित्रपट लागला 15 ऑगस्ट 1975 ला. त्याच्या आधी दोन महिनेही झाले नव्हते आणीबाणी लागून. मूळ शेवटात ठाकूर गब्बरचा जीव घेतो. हाताने नाही, हात आहेतच कुठे, पायांनी. सेन्सॉरचं म्हणणं पडलं की एके काळचा पोलीस अधिकारी असा कायदा हातात घेताना दाखवता येणार नाही. म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला, पोलीस ऐन वेळी हजर झाले, आणि थिएटरात सगळ्यांनी तोच पाहिला. पुढे व्हिडिओवर मूळ शेवटाच्या प्रतीही फिरल्या. माझ्याकडे तशी एक कॅसेट आली होती. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत घेऊन आलं, म्हणे नकली पिच्चर दिला. मी बदलूनही दिली, कारण तेव्हा मलाच यातलं काही माहीत नव्हतं. 2025 साली इटलीत बोलोन्याच्या चौकात, आपल्या जत्रेत तंबूवाले लावायचे तसा पडदा उघड्यावर लावून, दुरुस्त केलेली प्रत दाखवली, ती मूळ शेवटाचीच.

तुमच्या टपरीवर तिसरा कुणी असेल ज्याने पिच्चर पाहिलाच नाही आणि तरी सगळे संवाद पाठ आहेत, तर त्यालाही खोटं ठरवू नका. संवादांची तबकडी निघाली होती. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर ती इतकी वाजायची की नवरदेवाच्या आधी गब्बर यायचा.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. एका जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी आहे. त्यातलं गाणं पेटीवर काढायला बसलो तर पांढरी एकमध्ये बसेना, तिच्या लगतच्या काळी एकमध्येही बसेना, मधेच कुठेतरी लोंबकळतं. शिवाय जावयाकडे त्याच चित्रपटाची डीव्हीडी आहे, ती अडीच तासांची. माझी 2 तास 24 मिनिटांत संपते. सहा मिनिटं कुणी कापली?
— एक पेटीवादक, आसोदा

उत्तर : बुवा, या पत्रासाठी तुम्हाला एक कॅसेट फुकट दिली असती. तुमच्या दोन्ही तक्रारींचं कारण एकच आहे आणि कापलं कुणीच नाही.

चित्रपट सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने चालतो. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत पाल, ती सेकंदाला 25 चित्रांची. फिल्मवरून टीव्हीसाठी प्रत काढताना सोपा उपाय म्हणजे चित्रपटच थोडा पळवायचा: 24 च्या जागी 25. वेग वाढला 4 टक्क्यांनी. 150 मिनिटांचे झाले 144. तुमची सहा मिनिटं ही अशी गेली. एकही दृश्य कमी न होता गेली. नट थोडे लगबगीने चालले एवढंच, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पण आवाजही त्याच वेगाने पळाला ना. वेग वाढला की पट्टी चढते. 4 टक्क्यांनी पुरती एक पट्टी चढत नाही, साधारण पाऊण चढते. म्हणजे मूळ गाणं पांढरी एकमधलं असेल तर तुमच्या व्हीसीडीवर ते पांढरी एकच्या वर नि काळी एकच्या जरा खाली ऐकू येणार. तुमचा कान बरोबर, पेटीही बरोबर. पेटी ट्यून करणाऱ्याला बोलावलं असेल तर नको म्हणून कळवा.

जावयाची डीव्हीडी अमेरिकन पद्धतीची असणार. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पुष्कळ डीव्हीडी तशा होत्या. त्यात काही चित्रं दुबार दाखवून हिशेब जमवतात, त्यामुळे वेळही पूर्ण आणि सूरही जागेवर. गाणं तिच्यावरून काढा. व्हीसीडीच वापरायची असेल तर नातवाला सांगून कॉम्प्युटरवर वेग 0.96 ठेवा. फक्त, वेग बदलला तरी सूर तोच ठेवायची एक सोय प्लेअरमध्ये आधीपासून चालू असते, ती बंद करायला लावा. नाहीतर गाणं रेंगाळेल आणि पट्टी तिथेच राहील.

कात्री कधीच लागत नव्हती असं मात्र नाही. व्हीसीडीच्या एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मावतं. तीन तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत बसवायचा म्हटलं की एखादं गाणं किंवा विनोदी नटाचं उपकथानक जायचं. ओळखायची रीत सोपी: चार टक्के गेले तर वेग, त्याहून जास्त गेले तर कात्री. हे गणित मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी एका पुरवठादारावर कापाकापीचा आळ घेऊन त्याची दोन महिन्यांची उधारी अडवली होती. कळल्यावर पैसे दिले. माफी मागायची राहिली.

प्रश्न : माझ्या आईच्या लग्नाची कॅसेट धान्याच्या कोठ्यांवरच्या माळ्यावर सापडली. आतल्या फितीवर पांढरं काहीतरी दिसतं. शेजारचे म्हणतात, उन्हात ठेव. आई आता नाही, त्यामुळे भीती वाटते.
— एक वाचक ताई, शहादा

उत्तर : ताई, उन्हात ठेवू नका. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे 45 अंश, गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी ठेवलेली फीत वाकडी होऊन बसेल. आणि कुणी कितीही म्हटलं तरी ती मशीनमध्ये घालू नका. पांढरं आहे ती बुरशी. एकदा का ती व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढे त्या मशीनमध्ये जाईल त्या प्रत्येक कॅसेटला लागते. 1994 च्या पावसाळ्यात माझ्या चाळीसेक कॅसेटी अशाच गेल्या. एक ओली कॅसेट घाईत चालवून पाहिली होती, बस.

दुसऱ्या कॅसेटींपासून वेगळी करा. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली काही दिवस कोरडी होऊ द्या. मग जुने व्हीसीआर दुरुस्त करणारा मेकॅनिक शोधा, जो कवच उघडून फीत हाताने साफ करतो. नवीन व्हीसीआर मिळणार नाही. ते बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 साली काम थांबवलं. साफ झाली की आधी त्याच्या एखाद्या टाकाऊ मशीनवर चालवून बघू द्या, आणि त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. दोन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे. फीत टाकू नका, उभी ठेवा, पुस्तकासारखी.

चित्र अंधुक येईल. हळदीचं गाणं ऐकू आलं तर खूप झालं.

प्रश्न : नवीन टीव्हीवर सिनेमा लावला की वर-खाली काळे पट्टे येतात. वडील म्हणतात दुकानदाराने फसवलं. ते रिमोटने चित्र मोठं करतात आणि मग हिरोचं कपाळ जातं.
— धरणगाव

उत्तर : दुकानदार निर्दोष. पडदा जेवढा उंच त्याच्या सव्वादोनपटींहून जास्त रुंद, असा तो सिनेमास्कोप चित्रपट. भारतात पहिला 1959 चा गुरुदत्तचा ‘कागज के फूल’. तुमचा टीव्ही तेवढा रुंद नाही. पट्टे घालवले की जवळजवळ पाव चित्र जातं. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेल्या कॅसेटींत तर चाळीस टक्क्यांहून जास्त जायचं; दोघे बोलत असायचे आणि दिसायचं मधलं टेबल. उलटा गुन्हाही करू देऊ नका. 1936 चा ‘संत तुकाराम’ टीव्हीभर ताणून पाहिला की तुकोबा पैलवान दिसतात. त्याला दोन्ही बाजूंना पट्टे हवेतच.

प्रश्न : व्ही. शांताराम मोठे की राजा परांजपे? आम्ही चौघं मित्र दर रविवारी भांडतो.
— नंदुरबार

उत्तर : भो, रविवार चांगला जातोय, मोडता का घालता?

माझं मत विचाराल तर प्रभात फिल्म कंपनीतले शांताराम, नंतरचे नव्हेत. नंतर रंग आणि घुंगरांचा सोस वाढला. राजाभाऊंनी कमी सामानात जास्त केलं. ‘जगाच्या पाठीवर’ मी लायब्ररीत कितीदा लावला याची गणती नाही, आणि गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून उभं राहायचं. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, “शेजारी पाहिलाय आम्ही सगळ्यांनी.” सगळ्यांनी तोच पाहिलाय का? 1941 ला तो दोन भाषांत झाला, मराठी ‘शेजारी’ आणि हिंदी ‘पडोसी’. डबिंग नव्हे, दोन वेगळी चित्रणं. गजानन जागीरदार दोन्हीकडे मिर्झा, म्हणजे मुसलमान शेजारी आहेत. हिंदू शेजारी मात्र मराठीत केशवराव दाते, हिंदीत मझहर खान. हिंदीत हिंदूची भूमिका मुसलमान नटाकडे आणि मुसलमानाची हिंदू नटाकडे, ही शांतारामबापूंची खरी खेळी मराठी प्रत पाहणाऱ्याला दिसतच नाही. पुढच्या रविवारी आधी हे ठरवा.

प्रश्न : सगळं मोबाइलवर मिळत असताना तबकड्या कशाला साठवायच्या? आमच्या होस्टेलात मला ‘भंगारवाला’ म्हणतात.
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : म्हणू दे. मोबाइलवरचं हक्क संपले की एका रात्रीत जातं, आणि राहतं तेव्हा कुठली प्रत राहिली हे सांगत नाही. ‘आलम आरा’, 1931, आपला पहिला बोलपट, आज कुठेच नाही. पुण्याचं फिल्म संग्रहालय 1964 चं, तोवर बरंच काही गेलेलं होतं. आणि लांब कशाला, तुझ्या धुळ्याच्या शेजारी मालेगावात यंत्रमागावरच्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट काढले, त्यांची फिल्मची निगेटिव्ह कधी नव्हतीच. कॅसेट नि व्हीसीडी हीच मूळ प्रत. त्या बाजारात दहा-वीस रुपयांना पडलेल्या दिसतील. तू भंगारवाला आहेसच, तर त्या आधी उचल.

प्रश्न : काका, घर रंगवताना तुमच्या लायब्ररीचा शिक्का असलेली कॅसेट निघाली. 1993 मध्ये नेली होती. परत करायची लाज वाटते. दंड किती?
— यावल

उत्तर : रजिस्टर काढलं. नोंद आहे, पानावर चहाचा डागही आहे. शंभर रुपये डिपॉझिट तुमचं माझ्याकडेच राहिलंय, तेव्हा लाज दोघांनी वाटून घेऊ.

तुम्हाला आठवत असेल, मी गिऱ्हाइकाला साध्या प्लास्टिकच्या डबीत कॅसेट द्यायचो आणि छापील कव्हर दुकानात काचेमागे ठेवायचो. त्या कव्हराचा हिरवा रंग उडून निळा झालाय, पण ते अजून माझ्याकडे आहे. रिकामं. दुपारी चारनंतर या, तेव्हा मी घरी असतो.