खाँसाहेबांवर पहिल्याच अंकात शिक्का मारू नकोस

संगीत नाटकाला पहिल्यांदाच जातोयस, तेही 'कट्यार काळजात घुसली'ला, म्हणून सांगतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि तेव्हा खाँसाहेब या गवयाची भूमिका वसंतराव देशपांडे यांची.

पहिल्या वेळी मी खाँसाहेबांना सरळ खलनायक ठरवून बसलो होतो. पंडितजींची, म्हणजे आधीच्या राजगायकांची, जागा आणि हवेली घेतली, एक खून माफ असलेली ती कट्यारही मिळवली, आणि शिकायला आलेल्या सदाशिवला विद्या द्यायला नकार! भयंकर राग आला होता. मग ते गायला बसले. डोळे मिटलेले, हात हवेत थबकलेला, आणि 'सुरत पिया की'. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. इतकं निर्मळ गाणाऱ्या माणसाच्या आत एवढी भीती? आपलं घराणं, आपली विद्या दुसऱ्याच्या हाती जाईल ही ती भीती.

'घेई छंद मकरंद' मात्र नीट ऐक. शब्द तेच, पण पंडितजींची चाल वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. कोण बरोबर हे ठरवायची घाई करू नकोस.

त्यानंतर आमच्या गाण्याच्या तालमीतल्या एका तिरसट ज्येष्ठांशी मी वेगळं वागू लागलो. ते खेकसले की आधी वाटायचं, माणूसच वाईट. आता तालीम संपल्यावर त्यांच्याजवळ चहा घेऊन बसतो. परवा त्यांनी आपणहून गाण्यातली एक जागा तीनदा गाऊन दाखवली.

जमल्यास पुढच्या रांगेत बस.