ॲसिडिटीच्या गोळीने बीपी उतरेल का?

प्रश्न: माझे सासरे ६२ वर्षांचे, तासगावला द्राक्षबाग आहे. बीपीची गोळी चालू आहे आणि ॲसिडिटीचीही रोज उपाशीपोटी एक घेतात. कुणीतरी त्यांना सांगितलं की जठरातलं गॅस्ट्रिन हार्मोन किडनीतून मीठ बाहेर काढतं आणि ॲसिडिटीच्या गोळीने ते वाढतं. आता म्हणतात, मग बीपीची गोळी कशाला? काय सांगू त्यांना?
– एक सूनबाई, सांगली

उत्तर: ताई, आधी त्यांना एवढंच सांगा की बीपीची गोळी मनाने एक दिवसही बंद करायची नाही. बाकी ते म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर काळजी वाटते.

गॅस्ट्रिनचा आणि पोटातल्या गॅसचा काही संबंध नाही बरं का, जठराला ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणतात त्यावरून ते नाव पडलं. जेवण पोटात गेलं की जठराच्या खालच्या भागातल्या पेशी ते रक्तात सोडतात, त्याने ॲसिड सुटतं, हे १९०५ पासून माहीत आहे. पण तेच गॅस्ट्रिन किडनीपर्यंतही जातं. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं जवळपास सगळं पाणी, मीठ परत रक्तात ओढून घेते, तिथं गॅस्ट्रिन जाऊन सांगतं की एवढं मीठ परत घेऊ नको, जाऊ दे लघवीतून. किडनीत तयार होणारं डोपामिन नावाचं रसायनही त्याला साथ देतं. ज्या उंदरांमध्ये गॅस्ट्रिनचं जनुकच काढून टाकलं त्यांना खारट खाणं दिल्यावर मीठ नीट बाहेर टाकता येईना आणि बीपी चढलं.

पण म्हणून ॲसिडिटीची गोळी म्हणजे बीपीचं औषध नाही. तिने ॲसिड कमी होतं, मग जठर जास्त गॅस्ट्रिन सोडतं, इथवर बरोबर, पण त्याने माणसाचं बीपी उतरतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट या गोळ्यांनी काहीजणांच्या किडनीला सूज येते, आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

मिठाचं मात्र नक्की बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट एक चमचा, आणि आपल्याकडं सकाळी भाकरीबरोबर खर्डा, दुपारी चहासोबत वाटीभर भडंग, रात्री ताटात लोणच्याची फोड, त्यात पापड, एवढ्यातच चमचा संपत येतो, भाजी-आमटीतलं मीठ अजून धरलेलंच नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, ॲसिडिटीची अजून लागते का विचारा आणि किडनी नीट काम करते का ते दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या.