खाऱ्या वाऱ्यातले पहिले वर्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. घराचा ताबा मिळाला आणि सामानही बरेचसे लागले, हे वाचून बरे वाटले. रंगकाम, समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी, विहिरीवर जास्त ताकदीचा पंप अशी जी कामे तू मनात धरली आहेस, त्यांबद्दल माझे स्पष्ट मत असे, की छप्पर आणि पिण्याचे पाणी एवढे सोडून बाकी सारे वर्षभर थांबू दे. दुर्गम किनाऱ्यावरचे घर सगळ्या ऋतूंत राहून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि फसलेले काम निस्तरायला तिथे गवंडी किंवा सुतार हाकेच्या अंतरावर नसतो.

वादळाची धास्ती सगळेच घेतात, पण घराला रोज थोडे थोडे पोखरतो तो खारा वारा. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी सुकून मीठ उरते आणि ते मीठ हवेतला दमटपणा ओढून धातूवर ओलसर थर राखते. दाराची बिजागरी एकदा जवळून निरखून बघ. स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस कडे दिसले, तर गंज आतपर्यंत गेला आहे असे समजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतील, तर खारट ओलाव्यात त्या दोन धातूंमध्ये क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि भोकाभोवती पांढरी भुकटी साचते. नवे सामान घ्यावेच लागले तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागून घे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे ते नेहमीच्या ३०४ पेक्षा मिठापुढे अधिक टिकते. खांबांवर किंवा तुळयांवर सळईच्या रेषेत भेगा असतील, तर रंगाऱ्याला आधी लांबच ठेव. गंजलेली सळई फुगून वरचे काँक्रीट फोडत असते, आणि अशी भेग लिंपून रंगवली तर फक्त दुखणे झाकले जाते.

पंपाबाबत मात्र मी आग्रहाने नकोच म्हणेन. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी त्याहून जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते मिळते. म्हणजेच वरची पातळी जराशी उतरली, तरी खालचे खारे पाणी कालांतराने त्याच्या चाळीस पटींनी वर चढू शकते. बेताने आणि थांबून थांबून उपसा करावा. एकदा विहीर मचूळ झाली की ती सुधारायला वर्षे जातात, शिवाय शेजारची विहीरही खराब होण्याची भीती असते, आणि तो राग मग सहजी निवळत नाही.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक घड्याळाशेजारी लाव. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे तीच भरती दुसऱ्या दिवशी जवळपास ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, आणि त्याच वेळी वादळी वारा किनाऱ्याकडे लोटत असेल, तर पाणी एरवी कधी येत नाही तिथवर येते. तुझ्या अंगणात ते कुठवर आले होते, हे नकाशा सांगणार नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार.

या विचारपुशीला मी सगळ्यात अधिक महत्त्व देतो. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती, आणि ‘मोठ्या भूकंपामागोमाग समुद्र मागे हटला तर डोंगराकडे पळा’ ही तिची शिकवण तिथे गोष्टींतून आणि गाण्यांतून पुढच्या पिढ्यांना मिळत राहिली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ते बेट भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही सत्तर हजारांहून अधिक वस्तीतले जेमतेम सात जण दगावले. तेव्हा पहिले काही महिने सुधारणा सुचवण्यापेक्षा ऐकून घेण्याकडे तुझा कल असावा. कोणी होडी ओढायला हात मागितला तर जा, आणि कोणी तुझे छप्पर बांधून दिले तर त्याच दिवशी पैसे पुढे करून मोकळे होण्याची घाई करू नकोस. जिथे दवाखाना तासन् तास दूर असतो, तिथे माणसे एकमेकांची थोडी देणेकरी राहूनच निभावतात. शहरी हिशेबीपणाला हे जड जाते, पण सवय होते.

करमणार नाही, असे दिवस येतील; त्यांवर माझ्याकडे तोडगा नाही, नेमाने काही काम असावे इतकेच. नेहमीच्या औषधांचा साठा निदान महिनाभर पुरेल एवढा ठेव. उंचावर जाण्याची सर्वांत जवळची वाट याच आठवड्यात शेजाऱ्यांकडून समजून घे आणि एकदा अंधारात, हातात विजेरी घेऊन, ती शेवटपर्यंत चालून बघ. वाटेत कुठे कुंपण किंवा कुलूपबंद फाटक आड येत असेल, तर त्याची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून ठेव.

तुझा हितचिंतक