स्कूबाच्या आधी पॉलिसीचा बाँड उघडा

सांगलीच्या मारुती चौकात स्टुडिओ असलेल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 38, लग्नाच्या ऑर्डरी, महिन्याला सरासरी 60 हजार, दोन मुलं, घराचं 14 लाखांचं कर्ज बाकी. तारकर्लीला एकदा स्कूबा डायव्हिंग केलं आणि पाण्याखालच्या फोटोग्राफीची ओढ लागली. आता ग्रुपबरोबर अंदमान, मग मालदीव, शिवाय कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी आत न येणारी पेटी) आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) यासाठी 5 लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का, असं ते विचारतात. शेवटी लिहितात, "पुढच्या वर्षी पॉलिसीला पाच वर्षं होतात, पैसे डबल मिळतील, त्यातून फेडतो."

पुढच्या वर्षी काहीही मिळणार नाही. तुम्ही पाठवलेल्या बाँडच्या फोटोत दुसऱ्या पानावर चौकटीत छापलंय: हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं. 1 लाख 20 हजारांचे चार हप्ते गेले, अजून सहा बाकी. एकूण 12 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी अंदाजे 26 लाख घ्यायचे. हा परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतो. "पाच वर्षांत डबल" असं सांगून हे गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

त्याहून गंभीर म्हणजे विमा फक्त 12 लाखांचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यात घराचं कर्जसुद्धा फिटत नाही. मुलांचं शिक्षण, घरखर्च हे सगळं वहिनींनी कशातून करायचं?

आज पॉलिसी मोडली तर भरलेल्या 4.8 लाखांतले साधारण निम्मेच हाती येतील, म्हणून मोडू नका. हप्ते थांबवून ती पेड-अप करा. विमा 4.8 लाखांवर येईल, पैसे मुदतीअखेर मिळतील. पण आधी 1 कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, हातात येऊ द्या आणि मगच हप्ता थांबवा. टर्मला वर्षाला पंधरा-अठरा हजार लागतील. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्मवर डायव्हिंगचा छंद लिहा, लपवू नका. चौघांचा आरोग्य विमा धरा पंचवीस-तीस हजार. थांबवलेल्या हप्त्याच्या 1.2 लाखांतून वर्षाला 72 ते 80 हजार उरतात.

आता लोनचं. 5 लाख, 14 टक्के, तीन वर्षं म्हणजे हप्ता 17 हजार. आषाढी ते तुळशीचं लग्न या चार महिन्यांत तुमच्याकडे मुहूर्त नाहीत, म्हणजे जवळपास 68 हजार बिनकमाईच्या काळात भरायचे. त्यात 2019 च्या ऑगस्टचा महापूर तुमच्या चौकानं पाहिलाय. हाताशी चार महिन्यांचा खर्च नसताना लोन अजिबात नको.

फोटो विकून वर्षाला लाखभर निघतील ही आशा हिशोबात धरूच नका. आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून स्कूबा करताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे फोटो विकायला उतरलात की क्लेमवर वाद होऊ शकतो. डायव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, ट्रिपच्या आधी तो घ्या.

पाण्यात जरूर जा, पण आधी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स करा. तीन-चार दिवसांचा असतो, 18 मीटरपर्यंत उतरता येतं. पहिल्या वीस-पंचवीस डाइव्ह मोठ्या कॅमेऱ्याशिवाय करा. शरीर एका जागी तरंगत ठेवता येत नसेल तर फोटो हलतो आणि पाय लागून प्रवाळ तुटतं. हाउसिंगच्या ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) एक केस राहिला तरी आत पाणी शिरतं. लग्नाच्या शूटचा कॅमेरा त्यात घालून रोजीरोटी पणाला लावू नका. खाली पहिल्या काही मीटरमध्येच लाल रंग जातो, म्हणून स्ट्रोब लागणार हे खरं, पण तो पुढच्या वर्षी.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही: तुमचा लग्नसराईचा मोसम आणि डायव्हिंगचा मोसम एकच. जानेवारीत अंदमानला आठवडाभर गेलात तर दोन-तीन ऑर्डरी जातील, तोही ट्रिपचाच खर्च. ऑक्टोबरमध्ये तारकर्ली सुरू झालेलं असतं आणि मुहूर्त अजून लागलेले नसतात. पहिला मुक्काम तेव्हाच धरा.

पाचव्या हप्त्याची तारीख बाँडवर बघा आणि टर्मचा अर्ज त्याच्या किमान दोन महिने आधी करा. मेडिकलला वेळ लागतो.